नळीत किती, अंगात किती

"बर्फ कुठंय?" मी विचारलं.

दंडाला रबरी पट्टा बांधता बांधता तो मुलगा थांबला. सकाळी साडेसातला उपाशीपोटी आलेलं माणूस सुई टोचायच्या आधीच बर्फ मागतंय, हे त्याला नवीन असावं. "लागत नाही मॅडम, दुखणार नाही," तो म्हणाला. हाताला नको, ट्यूबला हवाय, असं म्हटल्यावर त्याने नुसतीच मान डोलावली. पाच मिनिटांत माझं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून बाकीच्या पंधरा-वीस ट्यूबांशेजारी, खिडकीतल्या स्टँडवर जाऊन उभं राहिलं. खिडकीतून चांगलं कोवळं ऊन येत होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'रक्तातलं क जीवनसत्त्व' या तपासणीखाली तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. उपाशीपोटी, बर्फात, उजेडापासून झाकून. पैकी पहिली माझ्या हातात होती, ती मी पाळली. बिलाच्या रांगेत उभी राहून उरलेल्या दोन्हींचं काय होतंय ते पाऊण तास बघत राहिले.

या भानगडीची सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासताना ब्रशला लाल लागायचं. ब्रश बदलला, पेस्ट बदलली, दातांच्या डॉक्टरांकडून दात साफ करून घेतले. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्यात पोटऱ्या दुखायला लागल्या, जिना चढताना पाय उचलवेनात. वयाच्या माथी मारून तेही ढकललं. पण एक दिवस नडगीवर जांभळट ठिपके दिसले, मग मांडीवर कुठेही न आपटता काळानिळा डाग उमटला, आणि त्या रात्री मोबाइलवर नको नको ते वाचत बसले.

पहिल्या फेरीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. प्लेटलेट व्यवस्थित, रक्त गोठण्याचा वेळ व्यवस्थित, हिमोग्लोबिन थोडं कमी. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि खाली वाकून माझी नडगी बघायला लागले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. "ठिपका नेमका कुठे आहे बघा." प्रत्येक ठिपका एकेका केसाच्या मुळाभोवती होता. आणि केस सरळ नव्हते. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे वेटोळे होऊन कातडीत रुतले होते. आपल्याच पायाचं असं काही इतक्या जवळून बघायची वेळ येऊ नये.

"खाता काय?"

इथे मला खरं सांगावं लागलं. आठ महिन्यांपूर्वी पित्ताचा त्रास फार वाढला, तेव्हा मी माझ्याच मनाने पथ्य सुरू केलं होतं. आंबट बंद, फळं बंद, कच्चं काहीही बंद. भाज्या भरपूर पाण्यात उकळून, पाणी फेकून. पित्त खरोखरच थांबलं, त्यामुळे पथ्य सोडायची हिंमत होईना. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेने नासतं. म्हणजे पानात उरण्याची जेवढी शक्यता होती तेवढी मी रोज नेमाने मोरीत ओतत होते.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक प्राण्यांची शरीरं हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. कुत्रा करतो, मांजर करतं, बकरी करते. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांच्यात ते तयार करणाऱ्या शेवटच्या एन्झाइमचा जीन बिघडलेला आहे, त्यामुळे रोजचं रोज बाहेरून आणावं लागतं. भरलेल्या अंगात दीड ग्रॅमच्या आसपास साठा असतो. तो 300 मिलिग्रॅमच्या खाली गेला की रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारं कोलॅजन नीट बनत नाही, भिंती कमकुवत होतात आणि रक्त झिरपायला लागतं. म्हणजे स्कर्व्ही. शाळेच्या पुस्तकात खलाशांच्या चित्राखाली होता तोच!

"मग गोळी द्या की," मी म्हटलं. एवढं डोळ्यांनी दिसतंय तर मोजायचं कशाला?

"देणारच. पण आधी रक्त, मग गोळी. एकदा गोळी घेतलीत की रक्तात गोळीच दिसेल, तुम्ही दिसणार नाही." रक्त देऊन झाल्याबरोबर गोळी सुरू करायची, रिपोर्टची वाट बघायची नाही, असं ठरलं. आधल्या आठवड्यात ताप, सर्दी, खोकला झाला होता का, हेही त्यांनी दोनदा विचारलं. अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असली की रक्तातलं क जीवनसत्त्व तसंही खाली येतं, मग आकड्याचा अर्थ लावणं अवघड होतं. सिगारेट? नाही. ओढणाऱ्याला रोज 35 मिलिग्रॅम जास्त लागतं म्हणे.

तर ती खिडकी. सोबत आलेला माझा धाकटा भाऊ रोज दोन फळं खाणारा, व्यायाम करणारा. "ताई, आलोच आहे तर मीही मोजून घेतो," म्हणून त्यानेही हात पुढे केला. त्याची ट्यूब माझ्या ट्यूबच्या शेजारीच उन्हात उभी. निघताना मी त्या मुलाला विचारलं, हे इथेच तपासतात का? नाही, मोठ्या लॅबला जातं. कधी? आजची गाडी गेली, उद्या सकाळी.

हे मी दुपारी फोनवर डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर गप्प. मग, "गोळी घेतलीत?" नव्हती घेतली, जेवण झाल्यावर घेणार होते. "घेऊ नका. उद्या सकाळी मी सांगतो तिथे जा, मी फोन करून ठेवतो."

आता मागे वळून बघताना वाटतं, ती गोळी घेण्यात माझा आळस झाला म्हणून सगळं वाचलं.

दुसऱ्या ठिकाणी रक्त काढायच्या खुर्चीशेजारी आधीच एक थर्माकोलचा डबा तयार होता. आत चुरा केलेला बर्फ, आणि त्यात रोवून ठेवलेली हिरव्या टोपणाची, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेली ट्यूब. रिकामी ट्यूबसुद्धा आधीपासून गार करून ठेवलेली. तिथल्या बायोकेमिस्ट बाई स्वतः बाजूला उभ्या होत्या. सुई लावणाऱ्या ताईंना त्यांनी पट्टा लवकर सोडायला सांगितलं आणि रक्त हळू येऊ दे म्हणाल्या. रक्त जोरात ओढलं, ट्यूब खडखडा हलवली, की तांबड्या पेशी फुटतात. त्यातलं लोह बाहेर येतं आणि ते क जीवनसत्त्वाला पहिलं खातं.

"टोपण हिरवं का?" मी विचारलं. काल जांभळं होतं. हिरव्यात हेपॅरिन असतं, जांभळ्यात ईडीटीए, दोन्ही रक्त गोठू न देणारी, आणि या तपासणीला त्या हेपॅरिन पसंत करत होत्या. मी इतके प्रश्न विचारतेय म्हटल्यावर त्यांनीच विचारलं, "बघायचंय का पुढे काय होतं ते?"

मी गेले. हा सबंध प्रकरणातला एकच भाग असा, की तो चुकला नाही याचं आजही बरं वाटतं.

बर्फाचा डबा घेऊन आम्ही दोन दारं ओलांडून आत गेलो. गार केलेल्या सेंट्रीफ्यूजमध्ये ट्यूब फिरली. बाहेर आली तेव्हा खाली काळपट लाल गाळ, वर फिकट पिवळा, स्वच्छ प्लाझ्मा, आणि दोहोंच्या मध्ये बोटाच्या नखाच्या कडेएवढी पांढुरकी रेघ. त्या रेघेकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "या पांढऱ्या पेशी. खरा साठा इथे असतो. पण त्या मोजायला रक्त जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, आणि फार थोड्या ठिकाणी करतात. आपण वरचं पिवळं मोजणार."

मग त्यांनी पिपेटने थोडा प्लाझ्मा उचलला आणि एका छोट्या नळीत, आधीच मोजून ठेवलेल्या मेटाफॉस्फोरिक आम्लात सोडला. माझ्या डोळ्यांदेखत तो पिवळा थेंब दूध नासावं तसा फाटला, पांढरा गुठळ्यागुठळ्यांचा झाला. आम्लाने प्रथिनं खाली बसतात, आणि आम्लात क जीवनसत्त्व तग धरतं. उघड्या, कोमट प्लाझ्मात ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आधी डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल बनतं. तिथवर परतीची वाट असते. त्यापुढे मोडलं की संपलं. ती नळी परत फिरवून वरचं नितळ पाणी त्यांनी वेगळं केलं, त्यावर माझा नंबर लिहिला आणि उणे 80 अंशांच्या फ्रीझरचं दार उघडलं. पांढरी वाफ पायांवर आली. "घरच्या फ्रीझरसारख्या उणे 20 मध्ये ठेवलं तर महिन्याभरात आकडा घसरतो," त्या म्हणाल्या. रक्त काढल्यापासून दार बंद होईपर्यंत घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती.

मोजणं त्या दिवशी होणार नव्हतं. ते एचपीएलसी यंत्रावर होतं. द्रव बारीक नळकांड्यातून ढकलतात, त्यातले घटक आपापल्या वेगाने वेगवेगळे बाहेर पडतात, आणि अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वच, आलं की पडद्यावर टेकाड उमटतं. टेकाड जेवढं मोठं तेवढं जीवनसत्त्व. मी जरा नाराज झाले. ते बघून असेल किंवा शिकवायची हौस म्हणून असेल, बाईंनी कपाटातून एक गडद निळं द्रावण काढलं. याचं नाव डायक्लोरोफिनॉलइंडोफिनॉल. एका दमात म्हणता येणं हीच त्यांच्या विद्यार्थ्यांची पहिली परीक्षा असते म्हणे. काचेच्या बशीत लिंबाच्या रसाचे चार थेंब घेतले आणि त्यात निळा थेंब टाकला. तो पडता पडता गुलाबी झाला आणि दिसेनासा झाला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गडप. मग एक थेंब आला तो गुलाबीच राहिला. "इथे रसातलं सी संपलं. किती निळं लागलं ते मोजायचं, झालं." यंत्रं येण्याआधी रक्ताचंही असंच करायचे. पण रक्तात निळ्याला फिकं करणारे इतरही पदार्थ असतात, तेही मोजणीत घुसतात.

भावाने कुठेसं वाचलं होतं की हाच निळा थेंब जिभेवर ठेवून तो किती सेकंदांत जातो यावरून घरच्या घरी कळतं. बाई हसल्या. हा प्रयोग पूर्वी खरंच करत. त्या सेकंदांचा रक्तातल्या आकड्याशी मेळ बसत नाही. जीभ, थुंकी आणि मघाशी काय खाल्लं, एवढंच त्यात कळतं.

बाहेर येऊन पहिली गोळी घेतली. मात्रा इथे लिहीत नाही. ती माझ्या पायांकडे बघून ठरवलेली होती.

दोन्ही ठिकाणचे रिपोर्ट एकाच दिवशी आले, आणि आधी घोळच झाला. पहिल्यावर लिहिलं होतं, 0.1 पेक्षा कमी. दुसऱ्यावर, 8. एका रात्रीत ऐंशी पट? मग बारीक अक्षरं वाचली. पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला साधारण 57 ने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे उन्हातल्या ट्यूबमध्ये सहापेक्षा कमी, बर्फातल्या ट्यूबमध्ये आठ. 11 च्या खाली कमतरता धरतात. दोन्हींकडून मी नापासच.

माझ्या बाबतीत खिडकीने फारसा फरक केला नाही, कारण मुळात नासायला काही उरलंच नव्हतं. खरी गंमत भावाची झाली. त्याचा पहिल्या ठिकाणचा आकडा 0.3 आला. शेजारी छापलेली मर्यादा 0.4 ते 2.0. रोज दोन फळं खाणारा माणूस कमी भरला! त्याने त्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून हिरड्या बघितल्या, केस ओढून बघितले. वहिनीने मला फोन करून सांगितलं की याला जरा समजव, जेवत नाहीये. शेवटी चौथ्या दिवशी तो त्या बाईंकडे जाऊन बर्फात रक्त देऊन आला. तिथे आकडा आला 58, म्हणजे त्याच्या जुन्या मापात 1.0. चार दिवसांत त्याने वेगळं काही खाल्लं नव्हतं. उलट भीतीने कमीच.

मधल्या काळात त्याच्या डोक्यात किती गोळ्यांच्या बाटल्या आल्या असतील, देव जाणे. मी डॉक्टरांना विचारलं, असे किती लोक ट्यूबमधल्या कमतरतेवर औषध घेत असतील? त्यांनी खांदे उडवले. उत्तर दिलं नाही.

त्याऐवजी एक गोष्ट सांगितली. 1939 साली बॉस्टनमधल्या जॉन क्रँडन नावाच्या तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला. क जीवनसत्त्व सोडून बाकी सगळं मिळेल असा आहार त्याने महिनोन्‌महिने घेतला आणि रक्त तपासत राहिला. 41 दिवसांत प्लाझ्मातला आकडा शून्यावर आला. माणूस ठणठणीत. 82 दिवसांनी पांढऱ्या पेशींतलंही संपलं. तरी ठणठणीत. कातडीवर केसांच्या मुळाशी पहिले खरखरीत फोड दिसले ते 134 दिवसांनी, आणि रक्ताचे ठिपके 161 दिवसांनी. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम छान भरली होती; सहा महिन्यांनी केलेली भरेना.

हे ऐकल्यावर मला ती पांढरी रेघ आठवली. प्लाझ्मा म्हणजे खिशातले सुटे पैसे. आज खर्च झाला, खिसा रिकामा. आज कुणी नोट दिली, खिसा भरला. बँकेत किती आहे ते खिसा चाचपून कळत नाही. माझ्या 8 ला अर्थ होता तो ठिपके, केस आणि आठ महिन्यांचं पथ्य शेजारी ठेवल्यामुळे. नुसता 8 पाठवला असता तर तो फक्त आठ होता.

गोळीचा गुण मात्र लाजवणारा होता. तिसऱ्या दिवशी जिना चढले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की कठड्याला धरलं नव्हतं. पंधरा दिवसांत ब्रश पांढरा राहायला लागला. पित्ताच्या डॉक्टरांकडे जाऊन पथ्यही नीट आखून घेतलं, आठ महिन्यांपूर्वीच घ्यायला हवं होतं ते.

भाऊ आता या विषयातला जाणकार झाला होता. "दुप्पट घे ना, लवकर भरेल," असं त्याचं चाललं होतं. पण हे भांडं दुप्पट ओतलं म्हणून दुप्पट भरत नाही. रोजच्या 30 पासून 100 मिलिग्रॅमपर्यंत रक्तातला आकडा झरझर चढतो, 200 ते 400 च्या दरम्यान सपाट होतो, साधारण 70-80 मायक्रोमोलवर. त्यापुढचं आतडं कमी घेतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. त्याच्याकडे लघवीच्या पट्ट्या होत्या, दहा खुणांच्या. स्वतः भरपूर गोळ्या घेऊन त्याने पट्टी बुडवली आणि क जीवनसत्त्वाचा चौकोन रंगला म्हणून खूश झाला. तो चौकोन पट्टीवर का असतो, हे बाईंकडून आधी कळलं होतं म्हणून मी त्याला सांगू शकले. लघवीत हे जास्त असलं की त्याच पट्टीवरची साखर आणि रक्त दाखवणारे चौकोन फसतात, असून नाही म्हणतात. म्हणजे तो चौकोन शाबासकी नव्हती, बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका एवढी सूचना होती. त्याने पट्ट्या ठेवून दिल्या.

दीड महिन्याने पुन्हा मोजायचं ठरलं. आदल्या दिवशीची गोळी वगळायची, उपाशीपोटी यायचं. मी सरळ बाईंकडेच गेले. थर्माकोलचा डबा, हिरवं टोपण, फॉइल. सुई लावणाऱ्या ताईंनी ओळखलं. "बर्फ आहे," माझ्या आधी त्याच म्हणाल्या.

आकडा आला 66. मी तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसले तेव्हा, खोटं कशाला बोलू, दहावीचं प्रगतिपुस्तक दाखवल्यासारखं वाटत होतं. त्यांनी एकदा बघितला, फाइलला लावला, आणि ड्रॉवर उघडला.

"पाय वर घ्या."

भिंग घेऊन ते पुन्हा तेवढाच वेळ वाकले. ठिपक्यांच्या जागी फिकट तपकिरी खुणा राहिल्या होत्या. मग भिंग मला दिलं. नडगीच्या मधोमध दोन-तीन नवे केस आले होते, आखूड, आणि सरळ.